तंबाखू नव्हे, मशेरी

मी दात बसवायला गेले होते, डाग दाखवायला नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण बायका विचारतात, "काकू, तुम्हाला कळलं कसं?" मला कळलंच नव्हतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, रक्त येत नव्हतं. खालच्या दोन दाढा पडल्या होत्या आणि भाकरी चावेना, एवढीच माझी तक्रार.

आम्ही काचीगुड्याला राहतो. चिक्कडपल्लीला एक दातांचा डॉक्टर आहे, भारी बोलका. माझ्या तोंडात तो छोटा आरसा घालून तो मला क्रिकेटचं सांगत होता. सांगता सांगता थांबला. आजार कधीपासून होता देव जाणे, पण माझी भीती मात्र त्याच्या त्या थांबण्यापासूनची.

त्यानं कापूस घेतला, गालाच्या आतून खालच्या हिरडीजवळ पुसलं. परत पुसलं. मी म्हटलं, सकाळी दूध प्याले होते, साय चिकटली असेल.

"अम्मा, ये निकलता नहीं," तो म्हणाला. "बड़े दवाखाने को जाओ. कल जाओ, परसों नक्को."

घरी येऊन खिडकीशी उभी राहिले आणि ओठ खाली ओढून आरशात बघितलं. बोटाच्या पेराएवढा पांढरा पट्टा. चुन्याचा हात मारलेली भिंत वाळली की चिरा पडतात ना, तसा. मध्येच लालसर ठिपके. साठीला आले होते, आणि माझं स्वतःचं तोंड मी आतून कधी बघितलं नव्हतं. तुम्ही बघितलंय?

फॉर्म

मोठ्या दवाखान्यात आमच्याबरोबर बाकावर तोंडाचेच पेशंट. कुणाचा गाल बांधलेला, कुणाचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. आमचे हे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, लग्नाला आल्यासारखे. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून बाहेर जायचं म्हटलं की त्यांना इस्त्रीच लागते.

डॉक्टर म्हणजे एक तेलुगू मुलगी होती, पद्मजा. पंचविशीची असेल, लांब वेणी, डोळ्यांखाली काळं. पुढच्या शिक्षणासाठी ती अशाच पांढऱ्या डागांचा अभ्यास करत होती. डागाचा बारीक तुकडा काढायचा, नेहमीची तपासणी करायची, शिवाय त्याला एक खास रंग देऊन आत काय बिघडलंय ते बघायचं, असं तिचं काम. त्याचा एक लांबलचक फॉर्म होता.

"अम्मा, तंबाकू खाते?"

"नहीं."

"गुटका?"

त्या वर्षांत गुटख्याच्या चकचकीत पुड्यांच्या माळा दुकानादुकानावर लटकायला लागल्या होत्या. टीव्हीवर घरंदाज माणसं लग्नात एकमेकांना गुटखा देताना दाखवायचे. मी म्हटलं, "छी."

"बीड़ी? सिगरेट? चुट्टा? पान-ज़र्दा?"

"नहीं बेटी. सुपारी भी नहीं."

यांना राहवेना. "हमारे घर में ये सब नहीं चलता, डॉक्टर साब. मैं भी बीड़ी नौकरी लगते ही छोड़ दिया."

तिनं एकेका चौकोनात फुली मारली आणि मान वर करून मला नीट बघितलं. "आपका केस अलग है, अम्मा. बिना आदत के ऐसा कम दिखता."

खरं सांगू? मला बरं वाटलं. त्या बाकावरच्या माणसांपेक्षा मी वेगळी होते. त्यांनी काहीतरी केलं होतं, मी काहीच केलं नव्हतं.

आणि त्याच दिवशी सकाळी, दवाखान्यात निघायच्या आधी, मी मागच्या पायरीवर बसून मशेरी लावली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं लोखंडी तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, हातानं चुरायची, कपड्यातून चाळायची आणि डबीत भरायची. भाजताना असा खाट उठतो की शेजारच्या घरात लोक शिंकतात. मग ती काळी पूड बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना घासायची. निवांत, पंधरा-वीस मिनिटं. माझ्या माहेरी परभणीकडे बायका सकाळी ओळीनं बसून लावायच्या. मला सासूबाईंनी दिली, पहिल्या बाळंतपणाआधी दाढ ठणकत होती तेव्हा. दाढ थांबली, मशेरी राहिली. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, दुपारी जरा डोकं जड झालं की एकदा. ती लावल्याशिवाय सकाळी पोटही साफ व्हायचं नाही, आता लपवायचं काय!

पण तंबाखू? तंबाखू खाणारी गडीमाणसं. ते व्यसन. बायकांचं ते दात घासणं. आमच्या घराण्यात कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं "नाही"च म्हटलं असतं, आणि तुळशीवर हात ठेवून म्हटलं असतं.

त्रेपन्न नंबर

तुकडा काढला तेव्हा मुंगी चावल्यासारखं झालं, बस. त्यानंतरचे दहा दिवस मात्र सरता सरेनात. घरात कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. हे म्हणायचे, "ते नसणार." मुलगा अवी म्हणायचा, "ते असलं तरी आता औषधं आहेत." मी वरण ढवळत असायची आणि जीभ आपोआप त्या डागाकडे जायची. खरखरीत लागायचं. मांजराच्या जिभेसारखं. दिवसातून शंभरदा जीभ तिथं.

पहिला रिपोर्ट आला. पद्मजा म्हणाली, कॅन्सर नाही. मी हात जोडायला गेले, तर म्हणाली, "रुको अम्मा. है नहीं, लेकिन उस रास्ते पे है. सेल बिगड़ने लगे. रंग वाला टेस्ट आने दो."

"ओ रंग क्या बताता?" यांनी विचारलं.

तिनं घाई केली नाही. बाहेर रांग होती तरी. "हर सेल में एक वॉचमैन रहता, अंकल. सेल गड़बड़ करे तो रोकता. कभी वॉचमैन ही बिगड़ जाता. अच्छा वाला काम करके चला जाता, दिखता नहीं. बिगड़ा हुआ जाता नहीं, वहींच जमा होते बैठता. रंग डाले तो भूरा दिखता."

त्या वॉचमनला इंग्रजीत एक अक्षर आणि आकडा होता, त्रेपन्न. हे तेव्हापासून त्याला त्रेपन्न नंबरच म्हणायला लागले, रेल्वेच्या गाडीसारखं. "त्रेपन्न नंबरचा रिपोर्ट कधी?" "त्रेपन्न नंबर अजून आला नाही." हसायला यायचं.

मागची पायरी

आमची सून मानसी पुण्याची. कॉम्प्युटर कंपनीत कामाला. तिच्या ऑफिसात इंटरनेट तेव्हा नवं नवं आलं होतं. तिनं माझ्या डागाविषयीची बरीच पानं छापून आणली, सगळी इंग्रजी. रविवारी सकाळी मला वाचून दाखवायला मागच्या दारात आली. मी पायरीवर. शेजारी तांब्या, हातात डबी, बोट काळं.

"आई, हा डाग बहुतेक तंबाखूवाल्यांनाच होतो असं लिहिलंय. म्हणून डॉक्टर म्हणाल्या तुमची केस वेगळी. बघा ना, काय काय प्रकार दिलेत. जर्दा, खैनी, गुटखा, आणि हे..." तिनं तोंडातल्या तोंडात परत वाचलं. "आई, मशेरी म्हणजे तुम्ही लावता तीच का?"

"हे दंतमंजन आहे."

"कशाचं?"

"कशाचं म्हणजे? पानं भाजून करतात."

"कसली पानं, आई?"

मी उत्तर दिलं. "तंबाखूची." माझ्याच तोंडून माझ्याच आवाजात तो शब्द ऐकला आणि बोट तोंडाशीच राहिलं.

"मला वाटलं होतं कोळशाचं काहीतरी असेल," मानसी हळूच म्हणाली.

मग मी काय काय बोलले ते लिहायला लाज वाटते. पुण्याच्या पोरी इंग्रजी कागद आणून सासूला तंबाखूखाऊ ठरवतात, असं काहीतरी. ती बिचारी रडत आत गेली. हे बैठकीत पेपर वाचत होते, सगळं ऐकू जात होतं. पेपर काही खाली आला नाही.

दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, माझ्यावर चिडले, दवाखान्यात एवढं छातीठोक सांगितलं आणि बायकोनं नाक कापलं म्हणून. तिसऱ्या दिवशी मी मेथी निवडत होते, तर समोर येऊन बसले. एक जुडी ओढून घेतली. कधी भाजीला हात न लावणारा माणूस.

"पानं मीच आणत होतो ना," म्हणाले. "बेगम बाजारातून. तुला कडक लागायची म्हणून वास घेऊन, निवडून आणायचो."

मी म्हटलं, "अहो, मीच सांगायची ना."

"हौ. पण फॉर्म भरताना मला आठवलं होतं गं. मनात आलं होतं. म्हटलं, विचारत नाहीत तर कशाला."

त्यांना आठवलं होतं. मला आठवलंसुद्धा नव्हतं. यातलं जास्त वाईट कोणतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मेथी निवडून झाली. मानसीच्या खोलीशी गेले, म्हटलं, "चल, चहा टाकते, ये." एवढंच. माफी मागायची आमच्यात पद्धत नाही, चहा टाकायची आहे.

फुल्या खोडल्या

डॉक्टरला सांगायचं कसं? बसमध्ये मी वाक्य पाठ करत होते. भीती वेगळीच होती. आता ती म्हणेल, तुमच्या हातानं आणलंत, भोगा. बाकावरच्या माणसांना मी मनात जे म्हणत होते तेच.

पद्मजानं माझा फॉर्म काढला होता. मी बसायच्या आधीच म्हटलं, "बेटी, ओ फुलियाँ खोड दो. मैं मशेरी लगाती. तंबाकू जला के."

तिनं पेन उचललं. "कितने साल से?"

"चौंतीस."

"दिन में कितने बार?"

"तीन." मग म्हटलं, आता खोटं कशाला. "चार."

"पहले क्यों नहीं बोले, अम्मा?"

"तुम खाते क्या पूछी. मैं खाती नहीं, लगाती."

तिनं पेन खाली ठेवलं. ओरडेल वाटलं. तर म्हणाली, "मेरी नानी भी दाँतों को कुछ काला लगाती थी. मैं कभी पूछीच नहीं क्या है." मग तिनं फॉर्मच्या खाली, जिथं कोरी जागा होती तिथं, हातानं एक ओळ लिहिली आणि शेजारच्या टेबलावरच्या डॉक्टरला ऐकवली. "आज से सबको पूछना. दाँतों को क्या लगाते?"

मग तिनं दुसरा कागद उघडला. "रंग आया है, अम्मा. काफ़ी जगह आया."

कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. पुढचं सगळं यांनीच ऐकलं. भुरा रंग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, पण थांबण्यात अर्थ नाही. पूर्ण पट्टा काढायचा. काढलेल्या तुकड्यात आत कुठं मुळं गेलेली निघाली, तर परत मोठं ऑपरेशन, जबड्यापर्यंतसुद्धा. न निघाली तर सुटलो.

"और मशेरी?" मी विचारलं. किती वेडा प्रश्न, पण तोंडून गेलाच.

"आज से बंद."

घरी येऊन डबी मीच मोरीत ओतली. हे सोपं होतं. दुसऱ्या दिवशीची सकाळ सोपी नव्हती. बोट वळवळायचं. डोकं फुटायचं. चार दिवस पोटानं संप केला. मानसी इसबगोल घेऊन आली आणि म्हणाली, "आई, इंटरनेटवर वाचून सांगू का यावर काय ते?" मी म्हटलं, "नको बाई, तू वाचलंस की काहीतरी निघतं." दोघी हसलो. तेवढंच.

हमीदा बी

ऑपरेशन झालं. गालातला पट्टा काढला आणि मांडीची पातळ कातडी घेऊन तिथं बसवली. शुद्धीवर आले तर तोंडात बोळा, बोलता येईना. आयुष्यात पहिल्यांदा आठ दिवस मी गप्प होते. हे म्हणाले, "घर कसं शांत आहे," आणि म्हणताना त्यांचे डोळे भरले.

दवाखान्याचा दिवस पहाटे साडेपाचला झाडूच्या आवाजानं सुरू व्हायचा. मग गुळण्या, मग सुई, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. ते आले की सगळ्या वॉर्डात एकदम चादरी सारख्या व्हायच्या. हे नळीनं पातळ पेज भरवायचे, एकेक घोट. कधीकधी पेज थंड व्हायची तरी मी पीत राहायची. एका आयाबाईनं, नाव विचारायचं राहून गेलं, तिसऱ्या दिवशी माझे गुंतलेले केस खोबरेल लावून विंचरले. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर हमीदा बी. पान-जर्द्याची शौकीन, तिला खराच कॅन्सर, अर्धी जीभ काढायची ठरली होती. मला बोलता यायला लागलं तेव्हा तिनं विचारलं, "बहन, तुम क्या खाते थे?"

"मशेरी लावत होते. तंबाकू को जला के दाँतों को..."

"अरे तो तंबाकू बोलो ना सीधा! इत्ता लंबा रास्ता काय को घूमरे?" ती हसली, मग गाल धरून बसली. हसलं की दुखायचं तिला.

तिला ऑपरेशनला नेताना तिनं माझा हात धरला होता. परत आली तेव्हा मी घरी गेले होते. पुढं तिचं काय झालं मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही, हेही लिहून ठेवते.

टॉर्च

मोठ्या तुकड्याचा रिपोर्ट यायला दोन आठवडे लागले. त्या दिवशी मानसीनं सुट्टी काढली. चौघं गेलो. पद्मजानं आधी वाचलं, मग आमच्याकडे बघितलं, मग परत वाचलं. मला वाटतं, माणसानं माणसाला एवढा वेळ ताटकळत ठेवू नये.

"जड़ें अंदर नहीं गए, अम्मा. कॅन्सर नहीं है."

यांनी खुर्चीची पाठ धरली. अवी बाहेर निघून गेला, रडायला. मी मात्र तिच्या तोंडाकडे बघत होते, कारण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"लेकिन एक तरफ किनारे पे थोड़ा भूरा बचा है."

"मतलब होगा?"

"होगा बोल नहीं सकती. नहीं होगा भी नहीं बोल सकती. वो रंग ये बोलता कि इस अम्मा को छोड़ना नक्को. हर दो महीने आना."

मला राग आला. एवढा रंग, एवढा अभ्यास, आणि शेवटी हेच? आता वाटतं, तिनं खोटा धीर दिला नाही, म्हणून मी जात राहिले. ती "झालं, बरी झालात" म्हणाली असती तर दिवाळीपर्यंत मी परत डबी भरली असती. स्वतःला मी ओळखते.

जातेय मी. आधी दोन महिन्यांनी, मग तीन, आता चार. जायच्या दिवशी सकाळी चहा घशाखाली उतरत नाही, अजूनही नाही. खुर्चीत बसले की मी पद्मजाच्या चेहऱ्याकडे बघत नाही. डॉक्टरांचे चेहरे फसवतात. तिच्या हातातल्या टॉर्चकडे बघते. टॉर्च गालात फिरते, हिरडीवर थांबते, विझते. लवकर विझली की ठीक.

मागच्या खेपेला विझेना. भुरं शिल्लक राहिलेल्या त्या कडेला थांबली, मागं गेली, परत तिथंच. तिनं मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. दोन डोकी माझ्या तोंडावर वाकली. मी डोळे मिटले आणि घरातली माणसं एकेक करून आठवायला लागले. हे, अवी, मानसी. मानसीला तेव्हा सहावा महिना होता.

मोठ्या डॉक्टरांनी बोटानं दाबून बघितलं. "दाँत लगा है. चबाते वक्त कट गया. पंद्रह दिन बाद फिर देखेंगे."

पंधरा दिवस मी मऊ भात खाल्ला आणि कुणाला धड उत्तर दिलं नाही. पंधराव्या दिवशी परत ती खुर्ची. टॉर्च आली, त्याच कडेला थांबली. मी मनात आकडे मोजले. चारवर विझली.

"भर गया, अम्मा," पद्मजा म्हणाली. "चार महीने बाद."

परत येताना बस हिमायतनगरला थांबली तेव्हा यांनी विचारलं, "भूक लागली का?" आणि मला खरंच लागली होती.